पाडव्याचा विडा

पाडव्याच्या सकाळी सत्यभामा मलकापुरात वकिलांच्या दाराशी आली, ती मनाशी एकच गोष्ट घट्ट धरून. आज या घरात कोणी हातावर साखरेची गाठी ठेवली तर घ्यायची, कडुलिंबाचा पाला ठेवला तर तोही तोंड वाकडं न करता चावायचा. पण पानसुपारीला हात लावायचा नाही. मेलं तरी नाही.

ज्यांनी कधी दुसऱ्याच्या शेतात राबून पोट भरलं नाही, त्यांना वाटेल, सुपारीचं एवढं काय? वऱ्हाडात पाडव्याच्या दिवशी गड्यांची सालं, म्हणजे वर्षभराच्या चाकरीच्या अटी, ठरतात. मालक आणि गडी समोरासमोर बसतात, पैसा किती, जवारी किती, घोंगडी देणार का, वहाणा देणार का, याची घासाघीस होते. मग मालक पानसुपारीचा विडा पुढे करतो. गड्यानं तो घेतला की पुढल्या पाडव्यापर्यंत बोलायची सोय संपली. आणि काहीच न बोलता विडा घेतला, तर गेल्या वर्षीच्याच बोलीवर नवं साल चढलं असं सगळं गाव धरतं. सत्यभामाचा नवरा पंजाबराव एकदा असाच फसला होता. गावच्या किसनराव पाटलानं त्याला अगदी प्रेमानं जवळ बसवलं, पोराबाळांची चौकशी केली, आणि बोलता बोलता हातावर विडा ठेवला. पंजाबरावानं तो भोळेपणानं तोंडात टाकला आणि वर्षभर चघळत बसला.

"मले भोवलं ते तुले नोको," आज पहाटे घरून निघताना तो म्हणाला होता. "आधी बोल. मंगच हात पुढं कर. अन् नाई जमलं त सोडून दे."

सोडून दे म्हणायला त्याचं काय जात होतं. तो स्वतः आज पाटलाच्या ओट्यावर बसायचा होता, चार माणसं मधे बोलायला होती. सत्यभामाच्या मधे कोण बोलणार? ती काही सालदार नव्हती. ती वकिलांच्या चारूला सांभाळायची. मूल सांभाळणाऱ्या बाईचं साल ठरवलेलं आजवर कोणी ऐकलं नव्हतं. मालकीण देईल तो पगार, उरलेलं अन्न आणि दिवाळीला विटलेलं लुगडं. ठरवायचं काय त्यात?

पण ठरवल्याशिवाय आता गत्यंतर नव्हतं. तिचं गाव पिंपळझोड नदीपलीकडे, दोन कोसांवर. कापसाचा हंगाम होता तोवर ठीक चाललं होतं. गावच्या गाड्या कापूस घेऊन मलकापूरच्या जिनात, सरकी काढायच्या कारखान्यात, यायच्या आणि सांजेला रिकाम्या परतायच्या. त्यातल्या एखादीत चढलं की दिवेलागणीला घर. गाडीवर कोणी मामा, कोणी भासरा, भीती कशाची? पण होळीच्या सुमारास कापूस सरला, गाड्या बंद झाल्या, आणि सत्यभामा पायी जाऊ लागली. त्यात, आता गाडी गाठायची घाई नाही म्हणून वकिलीणबाईंनी नियमच केला, की चारू झोपली की मग जायचं. आणि चारू अशी पोरगी, की सगळी आळी पेंगायला लागली तरी ही टक्क जागी.

एके दिवशी नदीच्या उतारावर दोन रिकामटेकडे मागं लागले. त्यांनी अंगाला हात लावला नाही, नुसते गाणं म्हणत मागं मागं येत राहिले. सत्यभामा काट्याकुट्यातून अनवाणी पळत सुटली ती गावच्या विहिरीपाशी येऊन थांबली. त्या रात्री पायातले काटे पंजाबरावानं काढले.

काट्यांचंही एक वेळ चाललं असतं. तिच्या जिवाला लागलं होतं ते वेगळंच. तिची गोदी चार वर्षांची. माय घरी यायची तेव्हा गोदी झोपलेली, माय निघायची तेव्हाही झोपलेली. होळीपासून त्या मायलेकींनी एकमेकींना उजेडात पाहिलं नव्हतं. मागच्या आठवड्यात गोदी झोपेत कूस बदलून "माय" म्हणाली आणि कुशीत शिरली. पण शिरली ती जावेच्या, आशाबाईच्या कुशीत. सत्यभामा तिथंच शेजारी बसली होती. आशाबाई ओशाळली. सत्यभामा हसली, पोरं अशीच म्हणाली, आणि चुलीपाशी जाऊन पदर तोंडात कोंबून रडली. दुसऱ्याची लेक झोपवता झोपवता आपली लेक हातची जाऊन राहिली आहे, हे तिला त्या रात्री नीट कळलं.

तर अशी ती आज वकिलांच्या दारात उभी होती. गुढी उभारून झाली होती. आत पाऊल टाकलं मात्र, चारू दुडदुडत आली आणि तिच्या लुगड्याला लटकली. सत्यभामानं तिला उचलून कडेवर घेतलं आणि मनात म्हणाली, बरं झालं, एक हात तरी अडकला.

घरात माणसं मोजकी. लक्ष्मीकांत वकील, त्यांची पुण्याकडची बायको सुहासिनी, आणि वकिलांच्या आई अन्नपूर्णाबाई. अन्नपूर्णाबाईंचं माहेर जानेफळचं, मोठ्या जमीनदाराचं. त्या झोपाळ्यावर बसून गाठ्या वेगळ्या करत होत्या. सत्यभामाला पाहताच त्यांनी हाक मारली, "सुहासिनी, अगं आधी तिला हळदकुंकू लाव. विडा दे. सणाचा दिवस आहे, सवाष्ण दारात आली."

सत्यभामा सावध झाली. एरवी दहा वेळा दारावरून गेलं तरी ज्यांची नजर वर होत नाही, त्या मोठ्या बाईंना आज सवाष्ण दिसली होती.

सुहासिनी तबक घेऊन आली. नवं लुगडं, केसांत मोगरा, चेहरा प्रसन्न. तिनं सत्यभामाला हळदकुंकू लावलं, चारूच्या गालालाही बोट पुसलं, आणि विडा पुढे केला. हिरवंगार पान, त्यावर अख्खी सुपारी.

सत्यभामानं चारूला या कडेवरून त्या कडेवर घेतलं.

"घे ना."

"लेकरू कडेवर हाये बाईसाहेब. तबकातच राहू द्या."

"मग खाली ठेव तिला."

चारूला खाली ठेवलं तर ती लगेच पायाला मिठी मारून बसली, आणि सत्यभामाचे दोन्ही हात उघडे पडले. तिनं ते पदराखाली घेतले. सुहासिनीचा विडा धरलेला हात हवेतच राहिला. झोपाळ्याची कडी कुरकुरत होती.

"बाईसाहेब, आज नोको," सत्यभामा म्हणाली.

"नको म्हणजे?" सुहासिनीचा चेहरा उतरला आणि मग लाल झाला. "सणाच्या दिवशी मी माझ्या हातानं विडा देते आहे आणि तू नको म्हणतेस? काय अपशकुन करायला आली आहेस का?"

"तसं नाई."

"मग कसं?"

"माजलीये," झोपाळ्यावरून उत्तर आलं. "जास्त लाड केलेस की असं होतं. ठेव तिच्या पदरात नि कामाला लाव."

पदरात. सत्यभामानं पदर असा आवळून धरला की बोटं पांढरी पडली. आता बोलायलाच हवं होतं. रस्ताभर घोकलेलं सगळं बाजूला राहिलं आणि भलतंच बाहेर पडलं.

"मोठ्या बाई, तुमाले ठाव हाये. तुमी जानेफळच्या. तुमाले समदं ठाव हाये."

झोपाळा थांबला.

"काय ठाऊक आहे?" सुहासिनीनं विचारलं. तिनं आधी सत्यभामाकडे पाहिलं, मग सासूकडे.

"पाडव्याच्या दिशी मालकाच्या हातची सुपारी घेतली, म्हनजे साल ठरलं," सत्यभामा म्हणाली. "बोलाच्या आधी घेतली त जुन्याच बोलीवर ठरलं. मंग म्या वर्षभर तोंड उघडू शकत नाई. मले आज बोलाचं हाये बाईसाहेब. म्हनून म्या विडा घेतला नाई. तुमच्या कुंकवाचा मान म्या मोडला नाई."

पुण्याहून आलेल्या बाईला सालदारकीतलं काय कळणार? सुहासिनीला चार वर्षं झाली होती या गावात येऊन, आणि अजून ती इथल्या बोलण्यातले निम्मे शब्द नवऱ्याला विचारून घ्यायची. पण ती मूर्ख नव्हती. तिनं विडा तबकात परत ठेवला.

"सासूबाई, हे खरं आहे?"

"माझ्या माहेरी वीस गडी होते. खरं नसेल तर काय?"

"मग मला सांगितलं का नाही?"

"सांगितलं असतं तर तुझा हात थरथरला असता," अन्नपूर्णाबाई म्हणाल्या आणि पुन्हा गाठ्यांना लागल्या. त्यांना त्यात लपवण्यासारखं काही वाटलंच नाही. घर चालवायचं तर असं चालवायचं, एवढाच त्यांचा हिशेब.

सुहासिनीनं ओठ मिटले. बैठकीच्या दाराशी जाऊन तिनं नवऱ्याला बाहेर बोलावलं. लक्ष्मीकांत वकील आले. माणूस वाईट नव्हता. फक्त कोणत्याही भांडणात दोन्ही बाजूंना खूश ठेवून आपलं पान वाढून घ्यायची त्यांना सवय होती, आणि कचेरीतली सवय घरी आल्यावर सुटत नाही.

"बोल सत्यभामा. काय म्हणणं आहे?"

सत्यभामानं एकदा गुढीकडे पाहिलं. "सायेब, मले सालदारावानी बोली पायजे. महिन्याले तीन रुपये भेटतात, त्याचे पाच करा. सालाले एक वहानांचा जोड. अन् दिवस बुडाच्या आत मले घरी पोचवाले तुमची दमनी."

पाच रुपयांवर कोणी दचकलं नाही इतके सगळे दमणीवर दचकले. ती दमणी म्हणजे वकिलांची शान. वर छत, आत गादी, बैलांच्या गळ्यात घुंगरमाळा. त्यात बसून ते कचेरीला जात आणि बाजारातली माणसं उठून रामराम करत. संध्याकाळी ती गोठ्यापाशी रिकामी उभी असते ही गोष्ट खरी होती. पण रिकामी उभी असणं वेगळं आणि तिच्यात मोलकरीण बसणं वेगळं.

"दमणीत बसणार," अन्नपूर्णाबाई म्हणाल्या. "मग मी पायी जाते देवळात."

"थांब आई." वकिलांनी हात वर केला. "सत्यभामा, बाजार पडलेला आहे. कापसाला भाव नाही, शेतकऱ्याजवळ पैसा नाही, तर माझ्याकडे कोण येणार? तरी मी तुला पाच नाही, सहा देतो. वहाणाही देतो. फक्त तू इथंच राहा. मागची खोली रिकामी आहे. रात्री चारू उठते, हिला त्रास होतो. आठवड्यातून एकदा घरी जाऊन ये. जाण्यायेण्याचा प्रश्नच मिटला."

सहा रुपये. सत्यभामाच्या डोळ्यांपुढून त्या सहा रुपयांत काय काय होईल ते भराभर सरकून गेलं. पावसाआधी घर शाकारता येईल. बकरी घेता येईल. पंजाबरावाला पाटलापुढे मान खाली घालून बसायची पाळी येणार नाही. हो म्हणायला तिची जीभ वळलीही होती. खोटं कशाला सांगा, क्षणभर ती हललीच. वकील किंचित हसले. समोरचा हलला की त्यांना बरोबर दिसायचं. ते हसू पाहून सत्यभामा भानावर आली.

"सायेब, सहा घेऊन म्या काय करू? आठ दिसांनं घरी गेली त माही पोट्टी मले वळखन का?"

"मुलगी इथं आणू नको असं मी कधी म्हटलं?" सुहासिनी मधेच बोलली.

"आन असं बी कवा म्हटलं नाई बाईसाहेब."

खरं तर सुहासिनीलाही सत्यभामा इथंच राहायला हवी होती. रात्री चारूनं किंकाळी फोडली की पहिलं जागं व्हावं लागायचं ते तिला. नवऱ्याचा डाव तिच्याही सोयीचा होता, आणि हे तिच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं.

"जमत नसेल तर राहू दे," अन्नपूर्णाबाई उठून उभ्या राहिल्या. "मागच्या आळीतली कोकिळा केव्हाची विचारते आहे. दोन रुपयांत येईल, आणि विडाही मुकाट घेईल."

यावर वकील काहीच बोलले नाहीत. न बोलणं हेही त्यांचं एक बोलणंच होतं.

सत्यभामाला कळलं, की आता एक पाऊल मागं घेतलं तर वर्षभर मागंच राहावं लागेल. ती वाकली, पायाला बिलगलेल्या चारूचे हात एकेक करून सोडवले. ते लहानसे, घामेजलेले हात सोडवताना तिच्या काळजाचं पाणी झालं. पोटची नसली म्हणून काय झालं? पहिलं पाऊल या पोरीनं तिच्याच बोटाला धरून टाकलं होतं. "जातो मी बाई," ती चारूला म्हणाली, कारण दुसऱ्या कोणाला म्हणायची तिला इच्छा नव्हती. आणि ती निघाली.

चारूला आधी खेळ वाटला. मग तिला कळलं, आणि तिनं असा गळा काढला की शेजारच्या ओसरीवरची माणसं उठून पाहू लागली. सत्यभामानं मागं पाहिलं नाही. पाहिलं तर संपलं, हे तिला ठाऊक होतं. ती अंगण ओलांडून गेली. गोठ्यापाशी इंद्रभान बैलांच्या शिंगांना तेल लावत होता. वकिलांची दमणी हाकणारा हा म्हातारा. कोणाच्या अध्यात ना मध्यात.

"काऊन वं पोरी, सनाच्या दिशी कुठं चालली?"

"घरी."

"मंग कोन रडून राह्यलं हे?"

सत्यभामानं पावलं उचलली. ती फाटकाशी पोचली. आता पंजाबरावाला काय सांगायचं? तोही आज कमी बोलीवर बसला असेल तर? उद्या चूल कशावर पेटायची? आणि तरीही, आज उजेडी घरी पोचणार, हे मनात आलं तशी तिला भर भीतीत एक उभारी वाटली.

"सत्यभामा."

सुहासिनी अंगणात आली होती. एका काखेत हातपाय झाडणारी चारू, दुसऱ्या हातात तबक. कुंकू सांडून तबकभर झालं होतं, मोगऱ्याची वेणी सुटून खांद्यावर लोंबत होती. तिच्या मागं उंबऱ्यात नवरा आणि सासू.

"सुहासिनी, आत ये. लोक पाहताहेत," वकील दबक्या आवाजात म्हणाले.

"पाहू देत." तिचा आवाज कापत होता, पण तो रागानं. "हा विडा मी दिला होता. कुंकू लावून, मनापासून दिला होता. माझ्याच हातानं मला फसवायला लावलंत. आता तो कोणत्या बोलीवर द्यायचा ते मी ठरवीन." मग ती सत्यभामाकडे वळली. "पाच होणार नाहीत. घरात सांगायला मला तोंड राहणार नाही. चार."

सत्यभामा फाटकाच्या दांडीला धरून उभी राहिली. दया आली म्हणून बोलावलं असतं तर तिला काय बोलावं सुचलं नसतं. पण ही तर घासाघीस होती, आणि घासाघीस तिला कळत होती.

"साडेचार."

"चार, आणि वहाणा. आणि लुगडं नवं, माझं जुनं नाही."

"अन् दमनी?"

सुहासिनीनं मान वळवून नवऱ्याकडे पाहिलं. रस्त्यावर आता चांगली सातआठ माणसं थांबली होती. त्यातल्या दोघांचे दावे वकिलांकडे चालू होते. पाडव्याच्या दिवशी दारात पोरगी आक्रोश करते आहे, बायको विस्कटलेल्या केसांनी उभी आहे, आणि हे सगळं एका गाडीपायी, हे बाजारात कसं सांगितलं जाईल ते वकिलांना चटकन दिसलं. शान दमणीत मोलकरीण बसल्यानं जास्त जाते की यानं, याचा निवाडा त्यांनी केला.

"संध्याकाळी दमणी उभीच तर असते," ते जरा मोठ्यानं, रस्त्यापर्यंत जाईल अशा बेतानं म्हणाले. "बाईमाणूस एकटं जातं. मी कधी नाही म्हटलं?"

"दिवस बुडाच्या आत," सत्यभामा म्हणाली. "लेकरू झोपो का न झोपो."

हे मात्र सुहासिनीला जड गेलं. तिनं काखेतल्या चारूकडे पाहिलं. "आणि चारूला ताप असला तर?"

"ताप असला त म्या राहीन. पन त्या दिशी दमनी माह्या गोदीले इकडं घेऊन येईन. थे माह्यापाशी निजन."

"येऊ दे."

"मंग मायं बी आजच ठरवा," गोठ्यातून इंद्रभानचा आवाज आला. सगळे त्याच्याकडे पाहू लागले. म्हातारा तेलाचा हात धोतराला पुसत होता. "दोन कोस जा, दोन कोस या. बैल का फुकट पयतीन? बैलाले सरकी वाढवून द्या, अन् मले विडीकाडीले काई."

रस्त्यावर कोणीतरी हसलं. वकिलांनी कपाळावर हात मारला. पण तेही मान्य झालं. आता एवढं झाल्यावर सरकीवरून अडायला त्यांच्यात बळ उरलं नव्हतं.

सुहासिनीनं विडा उचलला. पान मधेच दुमडलं होतं. तिनं ते बोटांनी नीट केलं आणि हात पुढे केला, तेवढ्यात उंबऱ्यातून अन्नपूर्णाबाई खेकसल्या.

"असा नाही देत."

आता ही काय काढते, म्हणून सत्यभामानं पुढे केलेला हात आखडला. अन्नपूर्णाबाई अंगणात आल्या. कनवटीचा एक रुपया काढून त्यांनी तो विड्यावर ठेवला, सुपारीशेजारी.

"करायचंच तर रीतीनं करा. विड्यावर इसार ठेवल्याशिवाय साल पक्कं होत नाही. उद्या हिनं म्हणायला नको, की वकिलांकडे नुसत्या पानावर बोळवण केली. आणि हा पगारात धरायचा आहे, बरं का." त्यांनी सत्यभामाकडे पाहिलं. त्या पाहण्यात माया बिलकूल नव्हती. जानेफळच्या ओसरीवर त्यांचा बाप गड्यांकडे पाहायचा तसं ते पाहणं होतं, आणि आयुष्यात पहिल्यांदा सत्यभामाला त्या घरात कोणी बरोबरीनं मोजल्यासारखं वाटलं.

तिनं दोन्ही हात पुढे करून विडा घेतला. कपाळाला लावला. मग चारूला घेतलं, आणि चारू हुंदके देत तिच्या खांद्यावर डोकं ठेवून गप्प झाली.

सबंध दिवस सणाच्या धावपळीत गेला. पण सत्यभामाचं लक्ष उन्हाकडे. सांगणं सोपं असतं. पाळायची वेळ आल्यावर खरं काय ते कळतं. ऊन अंगणातून भिंतीवर चढलं, भिंतीवरून लिंबाच्या शेंड्यावर गेलं, आणि चारू अजून टक्क जागी. सत्यभामा थोपटत होती, ओव्या म्हणत होती. पोरगी तिच्या नथीशी खेळत होती. गोठ्यात घुंगरं वाजली. इंद्रभाननं बैल जुंपले. सुहासिनी दारात येऊन उभी राहिली. अजून थोडा वेळ थांब, असं ती म्हणेल, आणि आपण थांबू, असं सत्यभामाला वाटलं. पहिल्याच दिवशी बोली मोडेल, आणि मग रोज मोडेल.

सुहासिनीनं हात पुढे केले. "दे तिला."

"झोपली नाई अजून."

"दे म्हटलं ना. ऊन चाललंय."

चारूनं पुन्हा तोच गळा काढला. वळण येईपर्यंत तो ऐकू येत होता. सत्यभामा दमणीच्या गादीवर बसली नाही, मागं फळीवर पाय सोडून बसली, आणि रडणं ऐकू येईनासं झाल्यावर तिनं डोळे पुसले. बाजारातली माणसं दमणी पाहून उठली, आत वकील नाहीत हे पाहून अर्धवट उठलेली परत बसली. तेव्हा मात्र तिला हसू आलं.

नदीचा उतार आला. ज्या बाभळीपाशी ती काट्यातून पळाली होती, तिच्यावर ऊन पडलं होतं. पाण्यात बैलांचे पाय वाजले. पलीकडे पिंपळझोडच्या चुलींचा धूर वर चढत होता. गावच्या तोंडाशी तिनं दमणी थांबवायला लावली, कारण एवढ्या थाटात घरी जायची तिला लाज वाटली. इसाराचा रुपया आणि पान पदराच्या गाठीत होतं. ती चालली कसली, पळतच गेली.

आशाबाई ओट्यावर जवारी पाखडत होती. तिच्या पलीकडे गोदी चिंचोके मांडून खेळत बसली होती. जागी. केस विंचरलेले, गळ्यात साखरेची गाठी. उजेडात पोरीच्या गालावर एक नवा ओरखडा दिसत होता. केव्हा लागलं, सत्यभामाला माहीत नव्हतं.

"गोदे," ती म्हणाली.

गोदीनं वर पाहिलं. चिंचोके तसेच टाकून ती उठली आणि घरात गेली. सत्यभामा अंगणातच उभी राहिली. पोरगी बाहेर आली ती दोन्ही हातांत पितळी गडवा धरून, जपून, पाणी न सांडता. दारात पाव्हणं आलं की देतात तसा तिनं तो मायपुढे धरला आणि पदर नसलेल्या डोक्यावरून उगाच हात फिरवला, मोठ्या बायकांसारखा.

"अवं येडे," आशाबाई हसत म्हणाली, "पाव्हनी हाये का थे? माय हाये तुही."

गोदीनं आशाबाईकडे पाहिलं, मग मायकडे. तिला काही पटलेलं दिसलं नाही.

"माय त अंधारात येते," ती म्हणाली.

सत्यभामानं गडवा घेतला आणि तिथंच मातीत खाली बसली, पोरीच्या तोंडाबरोबर तोंड येईल अशी. पाणी तिनं सगळं प्यायलं, थेंब न ठेवता, कारण लेकीनं ते दिलं होतं. मग रिकामा गडवा बाजूला ठेवला.

"आता नाई येत अंधारात," ती म्हणाली. "आता अशीच येईन. रोज."

"रोज?" गोदीनं विचारलं, आणि सुटलेल्या चिंचोक्यांकडे पाहून, जरा विचार करून, तिच्या मांडीवर येऊन बसली.